अपराधी बालक आणि न्यायासन

डोंबिवली किंवा कल्याण स्थानकात एखाद्या मुलाने मोबाईल चोरला व तो पकडला गेला, की आईवडील धर्मगुरूकडे धाव घेतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "फादर, आता त्याला तुरुंगात टाकतील काय?"

या भीतीला मोठा इतिहास आहे. 1850 च्या कायद्याने 10 ते 18 वर्षांच्या अपराधी मुलांना एखाद्या कारागिराच्या हाताखाली उमेदवार म्हणून ठेवण्याची सोय केली. 1857 साली मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. परंतु 1864 च्या फटक्यांच्या कायद्याने लहान मुलाच्या पाठीवर वेत ओढण्यास मुभा दिली, आणि फटक्यांची शिक्षा देशातून गेली ती 1955 साली. आपणही फुशारकी मारू नये. अठराव्या शतकाच्या प्रारंभी परमगुरू अकरावे क्लेमेंट यांनी रोममध्ये सान मिकेले येथे मुलांसाठी सुधारगृह उघडले, ते शिक्षेपेक्षा सुधारणा श्रेष्ठ या विचाराने; तरी फटके तेथेही होतेच.

मुंबई इलाख्याचा बालक कायदा 1924 सालचा. 1927 साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि मुंबईत बालन्यायालय सुरू झाले. हेतू दयेचा होता. मात्र चोरी करणारा, भीक मागणारा व रस्त्यावर भटकणारा अशी सारी मुले एकाच न्यायालयापुढे उभी राहू लागली. 1948 च्या मुंबई कायद्यात तर मूल आपल्याला आवरत नाही अशी तक्रार खुद्द पालकालाच करता येत असे. 1986 च्या केंद्रीय कायद्यातही हे कलम राहिले, फक्त तक्रार बालकल्याण मंडळाकडे जाऊ लागली. पोटच्या पोराला स्वतः नेऊन सरकारच्या स्वाधीन करणाऱ्या बापाच्या मनाची अवस्था काय झाली असेल!

त्या कायद्यात मुलग्याचे बालपण सोळाव्या वर्षी संपे. 2000 च्या कायद्याने ते अठरापर्यंत नेले. आज 2015 चा कायदा लागू आहे. ठाणे जिल्ह्याचे बाल न्याय मंडळ भिवंडीला बसते : एक न्यायदंडाधिकारी व दोन समाजसेवक, त्यांत एक तरी स्त्री. तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा अपराध 'किरकोळ' गणला जातो. साधी चोरी त्यातच मोडते. 2016 च्या नियमांनुसार अशा प्रकरणी, सोबत प्रौढ आरोपी नसल्यास, एफ.आय.आर. नोंदवायचा नसतो. स्टेशन डायरीत नोंद करून मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाकडे पाठवायचा असतो. चौकशी चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिन्यांत पुरी व्हावी. न झाल्यास किरकोळ प्रकरण तेथेच संपते. मंडळ समज देऊन घरी पाठवू शकते, समुपदेशन वा समाजसेवा सांगू शकते, पालकांच्या हमीवर मुलाला सोडू शकते.

दुर्दैवाने हे पालकांना ठाऊक नसते. लाजेपोटी ते घरातच बसून राहतात, आणि हमी देणारे कोणीच पुढे न आल्याने मूल निरीक्षणगृहात अडकते. म्हणून मी त्या आईवडिलांना एवढेच सांगतो : मुलाला 24 तासांच्या आत मंडळापुढे न्यावे लागते. त्याच्या वयाचा दाखला घ्या आणि आजच भिवंडीला निघा.