स्थलांतर आणि स्थळस्मृती

रोजची वाट, तळीची पायरी, वडाचा पार यांच्याशी माणसाची आठवण बांधलेली असते. परिसर पालटला की तीही हळूहळू पुसट होते. मग स्थलांतराच्या काळात आपल्या पूर्वजांनी ती कशी राखली? नार्व्याच्या श्रीसप्तकोटेश्वराचा इतिहास याचे बोलके उत्तर देतो.

गोव्याच्या कदंब राजांच्या या कुलदैवताचे मूळ स्थान दिवाडी बेटावरील नार्वे. सोळाव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगीज अमलात ते देवालय उद्ध्वस्त झाले आणि श्रींचे लिंग नदीपलीकडे डिचोली महालात नेण्यात आले. डिचोली १७८१ पर्यंत व पेडणे १७८८ पर्यंत पोर्तुगीज सत्तेबाहेर होते. म्हणूनच बार्देशातून धारगळला आलेल्या श्रीशांतादुर्गेप्रमाणे इतर देवतांनाही या भागात आश्रय लाभला. नार्व्याच्या नव्या स्थानी छत्रपती शिवाजी महाराजांनी शके १५९० मध्ये, म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८ रोजी, देवालयाच्या कामास प्रारंभ केला. दारावरील शिलालेख त्याची साक्ष देतो.

देव हलविता आला, तळी हलविता आली नाही. दिवाडीत दगडी कोनाड्यांचे कोटितीर्थ जागच्या जागी राहिले. नदीच्या दोन्ही तीरांवर मात्र नार्वे हे एकच नाव नांदू लागले. एका तीराने पाण्याची खूण सांभाळली, दुसऱ्याने पूजा. मधल्या नदीवरील होडीने या दोहोंना जोडून ठेवले.

आजचे स्थित्यंतर निराळे आहे. आता देव जागेवर असतो आणि भोवतालची भूमीच पालटते. डिचोलीत खाणींनी डोंगर व शेते यांचे रूप बदलले. पेडण्यातील मोपाच्या पठारावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. नार्व्याचे देवालय जीर्णोद्धारानंतर ११ फेब्रुवारी २०२३ रोजी भाविकांसाठी पुन्हा खुले झाले. वास्तू अशी सावरता येते. परंतु बुजलेल्या झरीचे, मोडलेल्या पाणंदीचे किंवा पालखीच्या विसाव्याच्या झाडाचे नाव एकदा विस्मृतीत गेले की ते कोणता गवंडी उभारणार?

१९३३ च्या देवस्थान नियमावलीमुळे महाजनांची नामावली वहीत सुरक्षित आहे. स्थळांची तशी वही नाही. ती नावे वृद्धांच्या मुखी आहेत तोवरच प्रत्येक कुळाने ती लिहून देवस्थानाच्या दप्तरी ठेवावीत. पूर्वजांनी नदी ओलांडतानाही गावाचे नाव जपले. जागेवर राहून ते हरवणे आपल्याला शोभणार नाही.