सभागृह होते, प्रश्न नव्हते

२६ जून १९७५ ची सकाळ. पक्षांतरबंदी विधेयकावरील संसदीय समितीच्या बैठकीसाठी काही खासदार बंगलोरला आले होते. त्यांपैकी अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि राजापूरचे मधु दंडवते यांना तेथेच अटक झाली. संसदेच्या कामासाठी आलेली माणसे तुरुंगात गेली. आणीबाणीत संसदेचे काय होणार, हे पहिल्याच दिवशी दिसले.

संसद बरखास्त झाली नव्हती, हे मात्र विसरता कामा नये. २१ जुलैला अधिवेशन भरले आणि लोकसभेने ३३६ विरुद्ध ५९ मतांनी आणीबाणीला मान्यता दिली. घटनेची अट पुरी झाली. पण त्याच अधिवेशनात प्रश्नोत्तरांचा तास व लक्षवेधी सूचना बाजूला ठेवण्यात आल्या. अनेक विरोधी सदस्य स्थानबद्ध होते. जे बोलले, त्यांचे शब्द सेन्सॉरच्या कात्रीतून वाचकांपर्यंत पोचणे कठीण होते. ३८व्या घटनादुरुस्तीने न्यायालयाची वाटही बंद केली. १९७६ मध्ये लोकसभेने स्वतःचीच मुदत वाढवून घेतली, तेव्हा मधु लिमये यांनी निषेध म्हणून खासदारकीचा राजीनामा दिला.

मान्यता देणे वेगळे आणि अंकुश ठेवणे वेगळे, हा या एकवीस महिन्यांचा धडा होय. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने तो गिरवला. आता आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय हवा. महिन्याभरात दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मान्यता हवी आणि दर सहा महिन्यांनी ती पुन्हा घ्यावी लागते. शिवाय लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी लेखी सूचना दिल्यास चौदा दिवसांत खास बैठक भरते, आणि तेथे साध्या बहुमतानेही आणीबाणी उठवता येते.

१९७७ नंतर कलम ३५२ खाली आणीबाणी पुकारली गेलेली नाही. म्हणून या कुलपाची परीक्षा अजून व्हायची आहे. एक फट मात्र राहिली आहे. प्रतिबंधक स्थानबद्धतेपासून खासदारालाही संरक्षण नाही. त्या सूचनेवर सही करणारा एक दशांश तुरुंगाबाहेर असला, तरच कलम जिवंत. बंगलोरची ती सकाळ आपण मुलांना शिकवली पाहिजे, ती याचसाठी.