चित्रपटांतील उत्खनन व तेर-कुडलचा पुरावा

पुराणवस्तुसंशोधक म्हणतांच हल्लीं सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें जी आकृति उभी राहते ती व्हीलरची किंवा डॉ. सांकळियांची नव्हे; हातांत आसूड व डोक्यास रुंद कांठाची टोपी असलेल्या एका अमेरिकन प्राध्यापकाची ती असते. 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' या चित्रपटानें १९८१ सालीं हा इंडियाना जोन्स जगापुढें आणिला. करमणुकीच्या कृतीस शास्त्राच्या तराजूंत घालणें अरसिकपणाचें होईल, अशी शंका कोणी घेईल, व ती अगदींच गैर नाहीं. परंतु ज्या प्रांतांत गुप्तधनाच्या आशेनें पडक्या देवळांचे गाभारे अद्यापि उकरले जातात, त्या प्रांतांत या शास्त्राविषयीं लोकांची समजूत कशी बनते हा प्रश्न केवळ रसिकतेचा राहत नाहीं. म्हणून सोलापूरच्या आसपासच्या स्थळांपासून आरंभ करून महाराष्ट्रांतील कांहीं उदाहरणांवरून या समजुतीची परीक्षा करण्याचें योजिलें आहे.

प्रथम पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे. वरील चित्रपटाच्या आरंभीं नायक एका प्राचीन मंदिरांत शिरतो, चौथऱ्यावरील सुवर्णमूर्ति उचलून तिच्या जागीं वाळूची पिशवी ठेवितो, आणि मंदिर कोसळूं लागतांच मूर्ति घेऊन पळ काढितो. मंदिर कोणीं बांधिलें, मूर्तीभोंवतीं आणखी काय होतें, याची ओळभर नोंदहि तो करीत नाहीं. १९८४ सालच्या 'टेंपल ऑफ डूम' मध्यें कथा हिंदुस्थानांत घडते. एका खेड्यांतून चोरीस गेलेली शिवलिंगाच्या आकाराची पवित्र शिळा नायक परत आणितो व गांवकऱ्यांच्या स्वाधीन करितो. १९८९ सालच्या 'लास्ट क्रुसेड' मध्यें पुराणवस्तु संग्रहालयांतच असली पाहिजे असा त्याचा आग्रह आहे. शिवाय या शास्त्राचें बहुतेक काम ग्रंथालयांत होतें, असें तो विद्यार्थ्यांस सांगतोहि. तेव्हां या चित्रपटांना नीति मुळींच नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांची चूक निराळ्या ठिकाणीं आहे. वस्तु कोणाकडे जावी, चोराकडे, धनिकाकडे, गांवाकडे कीं संग्रहालयाकडे, एवढाच वाद ते मांडतात. शास्त्राचा पहिला प्रश्न याच्याहि अगोदरचा आहे: ती वस्तु कोठें, कोणत्या थरांत व कशाच्या सोबत होती? या प्रश्नाचें उत्तर एकदां हरवलें कीं वस्तु कितीहि चांगल्या हातीं पडली तरी तें परत मिळत नाहीं.

याचें उत्तम उदाहरण सोलापूरच्या उत्तरेस, आजच्या धाराशिव जिल्ह्यांत, तेरणेच्या कांठीं आहे. तेर म्हणजेच प्राचीन तगर, हें डॉ. फ्लीट यांनीं १९०१ सालीं निश्चित केलें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हें नगर सांगितलें असून तेथील कापड भडोच बंदरांत जात असे. या गांवचे रामलिंगप्पा लामतुरे यांनीं तेथील पांढरीच्या टेकाडांतून मिळालेल्या मृण्मूर्ति, मणी, नाणीं वगैरे हजारों वस्तु जमविल्या. त्यांच्या नांवाचें शासकीय संग्रहालय तेथें आज उभें आहे. त्या संग्रहांत एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति आहे. तिचा काळ कसा ठरवावा? ती कोणत्या थरांतून आली याची नोंद नाहीं. परंतु तिच्याशीं फार जवळचें साम्य असलेली एक हिंदी हस्तिदंती मूर्ति १९३८ सालीं इटलींतील पाँपेई येथील एका घरांत मिळाली. तें नगर इसवी सन ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें, त्यामुळें ती मूर्ति त्या वर्षानंतरची असूं शकत नाहीं. म्हणजे आपल्या दारच्या मूर्तीचा काळ सांगण्यास हजारों मैलांवरील मूर्तीची साक्ष काढावी लागली. कारण एवढेंच कीं, तिची जागा ठाऊक आहे आणि हिची नाहीं. लामतुरे यांच्या श्रमांस यानें उणेपणा येत नाहीं. उलट संग्रह एकाच गांवचा राहिला, विकून पांगला नाहीं, म्हणून निदान 'तेरची' एवढी तरी ओळख त्या मूर्तीस उरली. बाजारांत गेली असती तर तीहि पुसली गेली असती. पुढें १९५८ सालीं चापेकर यांनीं तेर येथें रीतसर उत्खनन केलें. थरांची जी साक्ष संग्रहास देतां येत नव्हती ती मिळविण्याचा हाच एक मार्ग होता.

दुसरें उदाहरण नगर जिल्ह्यांतील दायमाबादचें. १९७४ सालीं तेथें एका शेतकऱ्यास झाडाच्या मुळाशीं खणतांना कांशाच्या चार वस्तु मिळाल्या: बैल जोडलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारींचें वजन मिळून साठ किलोंहून अधिक भरतें. चित्रपटाच्या मोजमापानें याहून थोर यश तें कोणतें? परंतु त्या वस्तु शास्त्रीय रीतीनें उकरलेल्या थरांतून आल्या नसल्यामुळें त्यांच्या काळाविषयीं विद्वानांत वाद माजला. धातूंतील सोमलाच्या प्रमाणावरून कोणी एक म्हणे, घडणीवरून कोणी दुसरें म्हणे. डॉ. साळी यांनीं १९७५ ते १९७९ या काळांत तेथें विस्तृत उत्खनन करून त्या गांवच्या वसाहतींचा क्रम लाविला, तरी त्या चार वस्तूंविषयींचा संशय पुरता मिटला नाहीं.

याच्या उलट पुणें जिल्ह्यांतील इनामगांव पाहावें. डेक्कन कॉलेजानें तेथें १९६८ पासून १९८३ पर्यंत बारा हंगाम काम केलें आणि अहवाल १९८८ सालीं प्रसिद्ध झाला. तेथें सुवर्णमूर्ति नाहीं. घरांच्या जमिनी, चुली, जळकें धान्य व हाडें हींच तेथील संपत्ति. मृत अर्भकांस दोन मडकीं तोंडास तोंड लावून त्यांत ठेवीत व घराच्या जमिनीखालीं पुरीत. प्रौढ मृतांचे पाय घोट्यांपासून तोडून मग त्यांस पुरीत, हें तेथें कळलें. तीं मडकीं कोणी नुसतीं उचलून नेलीं असतीं तर तीं दोन साधीं मडकीं ठरलीं असतीं. त्यांत एका आईबापांचें दुःख होतें हें कोणासहि समजलें नसतें. उत्खननानें थर मोडतोच, मग तो कितीहि सावधपणें केलेला असो. म्हणून चौरस आंखणें, माती चाळणें, मापें घेणें, चित्रें काढणें व अहवाल छापणें हा केवळ सोपस्कार नसून त्या मोडीची भरपाई आहे. ज्यानें खणलें पण छापलें नाहीं, त्याचें कृत्य उकरणाऱ्या चोराहून फारसें दूर राहत नाहीं.

आतां पुन्हां सोलापूर जिल्ह्याकडे वळूं. दक्षिण सोलापूर तालुक्यांत भीमा व सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तेथील संगमेश्वर मंदिरांतील शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८, चा लेख मराठीच्या प्रारंभींच्या शिलालेखांत गणला जातो. सोलापूरचे आनंद कुंभार यांनीं अशा लेखांचा शोध जिल्ह्यांत गांवोगांव घेतला. हा लेख मंदिराचाच भाग होऊन राहिला आहे, म्हणून संगमावरील देवस्थान आणि तेथें वापरलेली भाषा यांचा संबंध आपणांस सांगतां येतो. शेजारच्या हरिहरेश्वर मंदिरांतील माती काढतांना ३५९ मुखें कोरलेलें शिवलिंग प्रकट झालें. पडद्यावरची शिळा गांवीं परत आली यांत नायकाचा गौरव आहे. कुडलचें लिंग गांवाबाहेर गेलेंच नाहीं, आणि त्यासाठीं कोणास आसूड चालवावा लागला नाहीं.

हा विचार दगड-मडक्यांपुरता नाहीं. कागदपत्रांचा संग्रह करणारांसहि तो तितकाच लागू आहे. कै. राजवाडे गांवोगांव हिंडले व १८९८ पासून त्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. जुन्या घराण्याचें दफ्तर म्हणजे एक पांढरीचें टेकाडच होय, व त्यांतील रुमाल हे त्याचे थर. एकाच रुमालांत बांधलेलीं पत्रें, हिशेब व यादी परस्परांचा काळ व अर्थ सांगतात. त्यांतून सुंदर मोर्तबाचें एक पत्र निवडून चौकटींत लावणारा सद्गृहस्थ वाळूच्या पिशवीवर मूर्ति बदलणाऱ्या नायकाचाच धाकटा भाऊ समजावा. दोघांचाहि हेतु वाईट नसेल. पण उरलेला रुमाल मुका होतो, आणि निवडलेलें पत्रहि अर्धें बोलतें.

कायद्याची बाजूहि ध्यानांत ठेविली पाहिजे. जमिनींत दडलेलें दहा रुपयांहून अधिक मोलाचें धन सांपडल्यास तें कलेक्टरास कळविण्याचें बंधन १८७८ च्या कायद्यानें घातलें आहे. १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांवरील कलावस्तु व पंचाहत्तर वर्षांवरील महत्त्वाचीं हस्तलिखितें पुराणवस्तु ठरलीं. परवान्यावांचून त्यांचा व्यापार करतां येत नाहीं व खासगी रीतीनें तीं परदेशीं पाठवितां येत नाहींत. परंतु वस्तूची जागा टिपून ठेवा, असें कोणताहि कायदा संग्राहकाच्या विवेकाइतक्या ठामपणें सांगूं शकत नाहीं.

म्हणून वाचकांस विनंति इतकीच. आपल्या संग्रहांतील प्रत्येक नाण्यास, मूर्तीस व रुमालास एक चिठी जोडावी. ती कोणत्या गांवची, कोणाच्या घरची किंवा शेताची, केव्हां व कशाच्या सोबत मिळाली हें तींत लिहावें. ठाऊक नसेल तर तसेंहि लिहावें. ज्या कुटुंबाकडून कागद आला त्यास नक्कल द्यावी, रुमालाची मूळ बांधणी मोडण्यापूर्वीं अनुक्रम उतरून घ्यावा, आणि जें मिळालें तें प्रसिद्ध करावें. असें काम पडद्यावर दाखविण्याजोगें नाहीं. परंतु तेरच्या त्या हस्तिदंती मूर्तीसोबत अशी एक चिठी असती, तर तिच्या काळासाठीं आपणांस पाँपेईच्या राखेकडे पाहावें लागलें नसतें.