रक्तातला विळा आणि वर्गातले लक्ष

नायगाव हे वसईच्या खाडीकाठचे गाव. ते ज्या पालघर जिल्ह्यात आहे, तेथील आदिवासी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. असा आजार असलेले एखादे मूल फळ्याकडे पाहत असते, पण सांगितलेले अर्धे विसरते. आपण त्याला आळशी ठरवतो. खरे कारण कळायला वैद्यकालाही फार वर्षे लागली.

१९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी एका विद्यार्थ्याच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे, हे लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले. १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये हा दोष आढळल्याची नोंद झाली.

प्राणवायू सोडल्यावर हे हिमोग्लोबिन गोठल्यासारखे होते. पेशी ताठ होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. हातपाय दुखतात ते दिसते. मेंदूतले दिसत नाही. एम.आर.आय. तपासणी आल्यावर कळले, की पक्षाघाताचे कोणतेही लक्षण नसलेल्या अनेक मुलांच्या मेंदूतही लहान व्रण असतात. ते बहुधा पुढच्या भागात, म्हणजे लक्ष आणि स्मरण सांभाळणाऱ्या भागाजवळ असतात. रक्तक्षयामुळे मेंदूला प्राणवायू कमी पडतो, ते वेगळेच.

मग उपाय कोणता? अस्थिर मुलांचे लक्ष उत्तेजक औषधाने सुधारते, हे अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ मध्येच नोंदवले होते. त्याच जातीचे मिथाइलफेनिडेट सिकलसेलच्या मुलांना देऊन केलेला एक लहान प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पालकांबरोबर शिक्षकांनीही निरीक्षणे भरून दिली, आणि लक्षात सुधारणा दिसली. मात्र मुले थोडी होती. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे. २०१४ च्या मोठ्या अभ्यासात नियमित रक्त दिल्याने नवे व्रण कमी झाले, पण बुद्ध्यंकात फरक पडला नाही. म्हणजे झालेली हानी भरून येणे अवघड; ती लवकर ओळखणे महत्त्वाचे.

येथेच शिक्षकाचे काम सुरू होते. अशा मुलाला पुढे बसवावे, सूचना एकेक करून द्यावी, पाणी पिऊ द्यावे, बुडालेला पाठ पुन्हा घ्यावा. एका बाजूची शक्ती अचानक गेली किंवा बोलणे अडखळले, तर लगेच रुग्णालय गाठावे. जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिच्यात रक्ताची तपासणी होते. लक्ष कुठे हरवते, हे मात्र रोज वर्गात उभा राहणाराच प्रथम पाहतो.