वाइतांगीचा कागद आणि वऱ्हाडचा कागद

न्यूझीलंडच्या उत्तर भागांत 'बे ऑफ आयलंड्स', म्हणजे बेटांचा उपसागर आहे. मोठ्या प्रवासी बोटी तेथें आंत समुद्रांतच नांगर टाकतात आणि उतारूंना लहान होड्यांतून वाइतांगीच्या धक्क्यावर आणून सोडतात. हवा उबदार, पाणी निळेंशार. बहुतेक उतारू एवढें पाहून संध्याकाळीं बोटीवर परततात. आम्ही पडलों अमरावतीचे. समुद्र आम्हांस नवा. पण कागदावरून मुलूख जाणें ही गोष्ट मुळींच नवी नव्हे. म्हणून किनाऱ्यावरील त्या पांढऱ्या लांकडी घरासमोरच्या हिरवळीवर आमचा पाय अंमळ रेंगाळला.

याच हिरवळीवर ६ फेब्रुवारी १८४० रोजीं कॅप्टन हॉब्सन यानें व्हिक्टोरिया राणीच्या वतीनें माओरी सरदारांशीं करार केला. इंग्रजी मसुदा हेन्री विल्यम्स या मिशनऱ्यानें मुलाच्या साह्यानें एका रात्रींत माओरी भाषेंत उतरविला होता, आणि सारी मेख तेथेंच आहे. इंग्रजींत सरदारांनीं सार्वभौमत्व दिलें. माओरींत दिलें तें 'कावानातांगा', म्हणजे कारभार पाहण्याचा अधिकार. जमिनी, गांवें व ठेवा यांवरील सरदारकी त्यांजकडेच राहील, असें त्यांच्या भाषेंत स्वच्छ लिहिलें होतें. पुढें गांवोगांव मिळून पांचशेंवर सरदारांनीं सह्या केल्या. इंग्रजी प्रतीवर मात्र अवघ्या ३९.

आतां आमचा वऱ्हाड घ्या. १८०३ सालीं गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनीं देवगांवच्या तहानें नागपूरकर भोसल्यांनीं वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. तो निजामाकडे गेला. १८५३ त कंटिंजंट फौजेच्या खर्चाची बाकी थकली म्हणून डलहौसीच्या कारकीर्दींत निजामाकडून तो कंपनीनें कारभारास घेतला. १९०२ सालीं कर्झननें वार्षिक २५ लाख रुपयांवर त्याचा कायमचा पट्टा करून घेतला. हे कागद एका दरबारानें दुसऱ्या दरबारास लिहून दिलेले. अकोल्याच्या पाटलाला किंवा अमरावतीच्या व्यापाऱ्याला कोणीं विचारलें? खोटें भाषांतर करण्याचीही गरज कोणास भासली नाहीं!

माओरींची सही होती, म्हणून त्यांच्या नातवंडांस भांडावयास जागा राहिली. १९७५ सालीं वाइतांगी न्यायमंडळ स्थापन झालें. १९८५ पासून त्यास थेट १८४० पर्यंतच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार मिळाला. आणि २०१४ त त्यानें निर्णय दिला कीं, त्या फेब्रुवारींत सह्या करणाऱ्या सरदारांनीं सार्वभौमत्व सोडलेलेंच नव्हतें. वऱ्हाडच्या रयतेनें असा दावा कोणत्या सहीच्या आधारें लावावा?

परततांना समोरच्या तीरावरील रसेल गांवची टेकडी दिसली. वाइतांगीस पहिली सही करणारा होने हेके, त्यानें व त्याच्या माणसांनीं तेथील इंग्रजी निशाणाची काठी १८४४-४५ त चार वेळां तोडली. १८५८ सालीं नवी काठी उभी राहिली, ती माओरींनींच उभारून दिली.