करोल बागेच्या अभ्यासाकडे वळताना

दिल्लीतले करोल बाग बहुतेकांना ठाऊक असते ते बाजारपेठ म्हणून. अजमल खान रोडवरचे कपडे, गफ्फार मार्केटमधले मोबाइल, बँक स्ट्रीटवरचे दागिने एवढ्यावर ओळख संपते. या वस्तीच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या वाचकाला एकच विनंती आहे. इथे कोण राहते, हे विचारताना इथून कोण गेले, हेही विचारावे.

12 डिसेंबर 1911 रोजी राजधानी दिल्लीला नेण्याची घोषणा झाली. नव्या शहरासाठी माधोगंज, जयसिंगपुरा, राजा का बाजार अशा वस्त्या उठल्या आणि तिथल्या अनेक कुटुंबांना करोल बागेत वसवण्यात आले. रैगरपुऱ्यात राजस्थानी मुळाचा, चामड्याच्या कामावर जगणारा रैगर समाज स्थिरावला. हकीम अजमल खान यांच्या इथल्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन 1921 मध्ये महात्मा गांधींनी केले. 1925 मध्ये जामिया मिलिया इस्लामिया अलीगढहून इथेच आली आणि तिच्या हलाखीच्या दिवसांत झाकिर हुसेन यांनी तिची धुरा वाहिली. राष्ट्रीय शिक्षणाचा एक मोठा प्रयोग आजच्या या बाजाराच्या परिसरात तगला, हे विसरता कामा नये.

1947 च्या हिंसाचारात इथली मुस्लिम कुटुंबे उखडली गेली आणि पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी शून्यातून दुकाने उभी केली. दिल्ली प्रांताची लोकसंख्या 1941 मध्ये सुमारे 9 लाख होती, ती 1951 मध्ये 17 लाखांवर गेली. या वाढीच्या आकड्यात गेलेली माणसे दिसत नाहीत. त्यांच्यासाठी घरांच्या मालकीची कागदपत्रे, शाळांचे जुने दाखले आणि दोन्ही देशांतल्या वृद्धांच्या आठवणी एकत्र वाचाव्या लागतात.

सरकारी नोकरीमुळे आलेली तमिळ कुटुंबे आणि सोन्याचे नाजूक काम करणारे बंगाली कारागीर यांनीही ही वस्ती घडवली. त्यांच्या शेजारी मराठी माणूसही आहे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतून गलाई व्यवसायासाठी बाहेर पडलेली माणसे देशभरच्या सराफ बाजारांत पोहोचली. जुने दागिने मुशीत आटवून शुद्ध सोने-चांदी वेगळी करणे, हे त्यांचे काम. पावसाने दगा दिलेल्या शेतीचा आणि दिल्लीच्या सराफीचा संबंध त्यांच्यामुळे कळतो. अलीकडे स्पर्धा परीक्षांसाठी करोल बाग आणि राजेंद्र नगरच्या खोल्यांत राहणारी मराठी मुले-मुली ही या स्थलांतराची नवी पिढी.

म्हणून हा अभ्यास दिल्लीच्या दफ्तरखान्यात संपत नाही. खानापूर तालुक्यातल्या विट्याच्या परिसरातील घरांमध्ये परमुलखातून आलेली पत्रे, हिशेबाच्या वह्या, गावच्या देवळाला दिलेल्या देणग्यांच्या नोंदी शोधायला हव्यात. सांगणारी वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांच्याकडे बसून ऐकायला हवे. मराठी जाणणाऱ्या अभ्यासकाला हे काम सर्वांत चांगले साधेल. त्याने ते आताच हाती घ्यावे.