तणाच्या यादीतली भाजी

खुरपणीचे दिवस आहेत. बाजरीत बाया वाकल्यात आणि दुपारपर्यंत प्रत्येकीच्या ओटीत मूठ-दोन मूठ भाजी जमलेली असते. तांदुळजा, पाथरी, कुंजर, चिघळ. पिकाला ते तण, चुलीला भाजी. आमच्या माणदेशात या भाजीचे पैसे कुणी मागत नाही, कुणी देत नाही. तिचा इतिहास मात्र लिहिलेला आहे, आणि तो बराचसा दुष्काळाच्या कागदांत आहे.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा पंचविसावा खंड १८८६ सालचा. विषय वनस्पती. त्यात डॉ. जे. सी. लिस्बोआ यांनी इलाख्यातल्या उपयोगी झाडाझुडपांची माहिती दिली, आणि दुष्काळात लोक काय खातात याचीही नोंद केली. तेव्हा १८७६-७८ चा मोठा दुष्काळ ताजा होता. पुढं १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ आले. त्यानंतर १९०२ साली जी. ए. गॅमी यांनी मुंबई इलाख्यात टंचाईत खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींवर स्वतंत्र टिपण छापलं. हे गॅमीसाहेब पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकवायचे. याच कॉलेजातली शेतीची शाखा वेगळी होऊन पुढं पुण्याचं कृषी महाविद्यालय झालं. म्हणजे आपल्या कृषी शिक्षणाच्या मुळाशी रानभाजीची एक यादी आहे, हे आजच्या कृषी पदवीधरांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

साहेबाच्या यादीत लॅटिन नावं असतात. पण कोणता पाला चालतो, कोणता कंद किती वेळा उकळायचा, हे साहेबाला कुठल्या पुस्तकात मिळालं नसणार. ते सांगणारी माणसं इथलीच, आणि भाजी बायाच खुडत असल्यानं बहुतेक बायाच. त्यांची नावं कुठं नाहीत.

भूक किती होती ते एका आकड्यावरून कळतं. १८७७ च्या सुरुवातीला मद्रास इलाख्यात दुष्काळी कामावरच्या गड्याची मजुरी सर रिचर्ड टेंपल यांनी दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर थोडे पैसे एवढ्यावर आणली. रत्तल म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला अर्धा किलोसुद्धा धान्य नाही. त्याच वर्षी हे टेंपलसाहेब मुंबईचे गव्हर्नर म्हणून आले. अशा मजुरीवर जगणाऱ्यानं राहिलेली भूक पाल्यानं आणि कंदानं भागवली नसती तरच नवल.

आणि ते रानही हातातून जात होतं. १८७८ च्या वनकायद्यानं सरकारला जंगल राखीव करायचा मोठा अधिकार मिळाला. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात हे दुखणं नेमकं धरलंय. थोडी जमीन असलेला शेतकरी पूर्वी डोंगरातली उंबरं-जांभळं खाऊन, पळस-मोहाची पानंफुलं आणि लाकूडफाटा विकून दिवस काढायचा, तो मार्ग जंगलखात्यानं बंद केला, असा त्यांचा मुद्दा. रानातलं खाणं ही त्यांनी हौस मानली नाही, शेतीच्या हिशेबातली बाजू मानली. मला तर रानभाजीवर आजवर वाचलेल्यात हेच सगळ्यात कामाचं वाटतं.

दुष्काळ नसलेल्या वर्षी ही ओळख टिकायची कशी? सणावारांनी टिकवली. आषाढी एकादशीचा उपास द्वादशीला सोडताना देशावर वाघाटीची भाजी लागते. भाद्रपदात ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून नांगराशिवाय आलेल्या भाज्या शोधाव्या लागतात. कारण धार्मिक असेल, पण त्यामुळं सुनेला सासूबरोबर बांध फिरावा लागायचा आणि पानं ओळखावी लागायची.

ओळखीइतकंच महत्त्व करण्याच्या रीतीला. कुर्डू तुरा यायच्या आत खुडायचा. टाकळा पहिल्या पावसाचाच, कोवळा. गोखरूचा पाला काटे धरायच्या आधी. मावळ-कोकणाकडं शेवळं करतात, त्यात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, घसा खाजतो. म्हणून त्यात काकडं नाहीतर चिंच घालतात. कडू करांदा तर काप करून, उकळून, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय ठाकर-कातकरी तोंडात घालत नाहीत. तांदुळजा, माठ या वर्गात नायट्रेट साठतं, पावसानं ताण दिला आणि रानात युरिया जास्त असला की अजून जास्त. आमची आजी ही भाजी उकडून पाणी ओतून द्यायची. तिला नायट्रेट हा शब्द ठाऊक नव्हता, पाणी ओतायचं ठाऊक होतं.

आता बहात्तर. दुष्काळात लोक रानभाजीवर जगले असं आपण सहज बोलून जातो, पण पाऊसच नाही तर तण तरी कुठून येणार? आजी नालाबांधाच्या कामावर होती. ती सांगायची, त्या साली पालेभाजी डोळ्याला दिसली नाही. राहिलं ते खोल मुळांचं आणि चिवट. शेवग्याचा पाला, हादगा, उंबरं, चिंचेची कोवळी पालवी, भाजलेले चिंचोके, आणि कोरड्या रानातही पसरणारं गोखरू. कामावर सुकडी मिळायची, रेशनला मिलो, ती परदेशी लाल ज्वारी. तिची भाकरी थापता थापता तुटायची, आणि ती घशाखाली उतरायला काहीतरी आंबट लागायचं, म्हणून चिंचेची पालवी. जुन्या याद्यांत पाल्याबरोबर कंद, फळं, बिया, गवताचं बी का येतं, ते मला आजीच्या या बोलण्यावरून कळलं. टंचाईच्या पहिल्या महिन्याचं खाणं वेगळं आणि आठव्या महिन्याचं वेगळं.

पुढं रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, रेशन गावोगाव पोचलं, आणि रानातल्या खाण्यावर जीव अडकायची वेळ बऱ्याच घरांवरची टळली. हे चांगलंच झालं. रानभाजीचे गोडवे गाणाऱ्यांनी हे विसरू नये. नाइलाजानं गोखरू खाणारी माणसं निसर्गप्रेमी नव्हती.

त्याच काळात बांधांचं रूपही बदललं. काँग्रेस गवत पन्नाशीच्या दशकात पुण्यात दिसलं आणि पुढं पडीक रानं, रस्त्याच्या कडा त्यानं व्यापल्या. टाकळ्याची जागा तीच. आता गंमत अशी की काँग्रेस दाबायला टाकळा पेरा म्हणून कृषी तज्ज्ञच सांगतात.

खरा बदल तणनाशकानं केला. इथं जरा थांबून विचार करा. बाजरी-ज्वारीत आपण २,४-डी मारतो ते रुंद पानाच्या तणांवर. आणि तांदुळजा, कुंजर, कुर्डू, पाथरी, चिघळ, ओटीतली सगळी भाजी रुंद पानाचीच. हरळी-लव्हाळा मात्र तसाच उभा. म्हणजे खायचं तेवढं मेलं आणि न खायचं राहिलं. मी तणनाशकाच्या विरुद्ध नाही. मजूर मिळत नाही, खुरपणीचा खर्च परवडत नाही, हे रोज भोगतोय. पण खुरपणाऱ्या बाईच्या घरी संध्याकाळचं कोरड्यास या तणातून व्हायचं. तो तिच्या मजुरीचा न बोललेला भाग होता. फवारणीनं तिचा रोज गेला आणि भाजीही गेली. आता शहरात रानभाजी महोत्सव भरतात, तिथं करटुल्यांना जो भाव सांगतात तो तिला परवडायचा नाही.

अजून एक धोका आहे, तो नीट ऐका. ग्लायफोसेट मारलेलं तण लगेच वाळत नाही, पिवळं पडायला बरेच दिवस जातात. तोवर तांदुळजा हिरवागार दिसतो आणि येणारी-जाणारी कुणीही खुडून नेते. फवारलंय हे पानावर लिहिलेलं नसतं.

म्हणून यंदा असं केलंय. उगवतीचा बांध आणि विहिरीकडचा पट्टा फवारायचा नाही. तिथं कुर्डू, टाकळा आपोआप येतो, तुरा धरायच्या आत बाया खुडून नेतात, त्यामुळं बी फारसं पडत नाही आणि पिकात त्रास होत नाही. बाकी जिथं फवारतो तिथं वाटेच्या तोंडाला काठीला लाल फडकं बांधतो आणि आदल्या दिवशी वस्तीवर सांगून येतो. शेजारच्या दोघांनी फडकं बांधायला सुरुवात केलीय. तिसरा म्हणतो, लोकांनी माझ्या रानात यावंच कशाला. त्याच्याशी बोलणं चालू आहे.